विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

लग्न जमवायचे असो की नोकरी मिळवायची, मराठी घरात दोन्ही वेळा जो कागद तयार होतो त्याला बायोडेटाच म्हणतात. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात तर दोन्हींचा साचाही बराचसा एकच असतो. वर संपूर्ण नाव, मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता, अवगत भाषा, छंद; शेवटी वरील माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा, स्थळ, दिनांक आणि सही. लग्नाच्या कागदावर गोत्र, रास आणि मामांचे गाव वाढते, नोकरीच्या कागदावर एमएस-सीआयटी आणि टायपिंगचा वेग. हे साम्य गमतीचे आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. दोन्ही कागद एकाच प्रश्नाला उत्तर देतात: तू कोण, कुठला, कोणाचा? सोयरीक पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाला फिटर हवा असतो, रुग्णालयाला रात्रपाळी सांभाळणारी परिचारिका हवी असते, सीएच्या ऑफिसला जीएसटीची विवरणपत्रे बिनचूक भरणारे माणूस हवे असते. त्यांना पडलेला प्रश्न वेगळा असतो आणि त्याचे उत्तर अर्जाच्या पहिल्या अर्ध्या पानात कुठेच सापडत नाही. अर्जदार लायक असतो. त्याचा कागद भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत बसलेला असतो.

पुढच्या पानांत रेझ्युमेच्या मांडणीविषयी जे सांगितले आहे ते सगळे या एका मुद्द्यावर उभे आहे. फॉन्ट, रंग, रेघा, डाव्या बाजूची निळी पट्टी यांनाच आपल्याकडे फॉरमॅट म्हटले जाते, आणि इंटरनेटवरून एखादे टेम्प्लेट उतरवले की फॉरमॅट निवडून झाला असे वाटते. खरी निवड त्याच्या आधी करायची असते: वाचणाऱ्याला आपली कोणती गोष्ट आधी भेटावी, कोणती मागाहून, आणि कोणती भेटूच नये. प्रचलित असलेल्या तीन मांडण्यांकडे या नजरेने पाहावे. पहिली उलट्या कालक्रमाची, म्हणजे आजची नोकरी सर्वात वर आणि पहिली सर्वात खाली. ‘काल संध्याकाळपर्यंत काय करत होतात?’ या प्रश्नाचे ते उत्तर. दुसरी कौशल्यांवर उभी असलेली. तीत नोकऱ्या मागे जातात आणि काय काय येते ते गटागटाने पुढे येते. ‘आमच्याकडे आलात तर काय कराल?’ याचे ते उत्तर. तिसरी मिश्र: वर चार-सहा ओळींत येणाऱ्या कामांचा ऐवज, खाली तारखांसह नोकऱ्या. मांडणीच्या निवडीत ‘मला कोणती आवडते’ याला फारसे स्थान नाही. समोरच्याचा प्रश्न कोणता आणि त्याचे माझ्याकडचे सर्वात भक्कम उत्तर कोणते, हे एकदा ठरले की मांडणी बहुतेक वेळा आपोआप ठरते.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेच्या बाजूने येतो. अंगात हुन्नर असेल तर कागद कसाही असला तरी काय बिघडते, आणि हुन्नर नसेल तर कागद सजवून काय साधते? हा आक्षेप स्वाभिमानी माणसाचा आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ब्रिटनमध्ये झालेला आणि २०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात छापला गेलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. संशोधकांनी खऱ्या नोकऱ्यांसाठी नऊ हजारांहून अधिक अर्ज पाठवले. अर्जदार तीच, शिक्षण तेच, नोकऱ्या त्याच. फरक एवढाच की काही अर्जांत प्रत्येक नोकरीपुढे अमुक साल ते तमुक साल असे लिहिले होते, तर काहींत त्या जागी फक्त किती वर्षे काम केले तो आकडा. काम सोडून मध्ये काही काळ घरी राहिलेल्या अर्जदाराचा खंड तारखांमुळे उघडा पडत होता. त्या अर्जांच्या तुलनेत वर्षांचा आकडा लिहिलेल्या अर्जांना सुमारे १५ टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. ज्या अर्जांत खंड नव्हताच पण तारखा होत्या, त्यांच्यापेक्षाही हा प्रतिसाद सुमारे ८ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे खंड झाकला गेला एवढेच त्याचे कारण नव्हते. एकूण अनुभव किती हे वाचणाऱ्याच्या चटकन डोळ्यांत भरले. गुणवत्ता दोन्ही कागदांवर तितकीच होती. एका कागदाने ती दिसू दिली.

हा खंड म्हणजे बाळंतपण, आजारी सासूची शुश्रूषा, नवऱ्याची बदली, स्पर्धा परीक्षेची चार वर्षे. मराठी वाचकाला यादी वाढवून देण्याची गरज नाही. नियुक्ती करणारे या खंडाकडे तटस्थपणे पाहत नाहीत, हेही अभ्यासांतून दिसलेले आहे. २०१८ साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुलांसाठी स्वखुशीने काम सोडलेल्यांना बोलावणी आली ती नोकरी गेल्यामुळे तितकाच काळ घरी बसलेल्यांपेक्षाही कमी. नोकरी गेलेला माणूस बिचारा ठरतो, आणि सोडलेला माणूस कामाला वाहिलेला नाही असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील हा निष्कर्ष आपल्या गावाला लागू पडतो का, असे कोणी विचारील. पुण्यात किंवा नाशिकमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या बाईला ‘मुलांना कोण बघणार?’ असे विचारले जाते तोवर निदान हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. खंडाबद्दल काय करायचे, हा त्यामुळे मांडणीच्या निवडीतला सर्वात अवघड भाग आहे आणि या पुस्तकातही त्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे कौशल्यांवर उभी असलेली मांडणी घेऊन तारखा आणि कंपन्यांची नावे शेवटच्या कोपऱ्यात ढकलणे किंवा गाळूनच टाकणे. अनेक मार्गदर्शक तो सुचवतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. भरतीचे काम करणारा माणूस दिवसाकाठी असे ढीगभर कागद पाहतो, आणि तारखा नसलेला कागद दिसला की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘हा काय लपवतो आहे?’ असाच. ‘नेतृत्वगुण’, ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ हे शब्द कुठे, केव्हा, कोणाकडे यांच्याशी बांधलेले नसले की त्यांना वजन राहत नाही; कोणीही ते लिहू शकतो आणि सगळेच लिहितात. वरच्या प्रयोगाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की तारखा काढल्याने तर फायदाच झाला. पण तिथे नोकरी लपवली नव्हती, मालकाचे नाव लपवले नव्हते, कालावधीही लपवला नव्हता. काळ सांगण्याची रीत तेवढी बदलली होती. शिवाय आपल्याकडे नियुक्तीच्या आधी बहुतेक बऱ्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर मागतात आणि मागच्या नोकऱ्यांची पडताळणी करतात. कागदावर धूसर ठेवलेली तारीख तिथे उघडी पडतेच. त्यापेक्षा खंडाला एक साधी ओळ द्यावी. लिंक्डइनने २०२२ पासून कारकिर्दीतील विरामाची नोंद नोकरीसारखीच करण्याची सोय दिली आहे. विराम लिहिणे आता विचित्र दिसत नाही.

मग कौशल्यांना पुढे आणणारी मांडणी कोणाच्या कामाची? सातारा जिल्ह्यात फौजेत भरती होण्याची परंपरा जुनी आहे. तिथला जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो आणि दुसरी नोकरी शोधू लागतो. उलट्या कालक्रमाने लिहायचे तर त्याच्या रेझ्युमेत एकच ओळ येते: भारतीय सैन्य, इतकी वर्षे, अमुक हुद्दा. त्या एका ओळीत वाहनांच्या ताफ्याची देखभाल, भांडाराचा हिशेब, नव्या पोरांचे प्रशिक्षण, बर्फात चालू ठेवलेली दळणवळण यंत्रणा असे सगळे दडलेले असते, आणि चाकणच्या कारखान्यातल्या एचआरला हुद्द्यावरून ते वाचता येत नाही. इथे मिश्र मांडणी हवी, आणि तिच्यात फौजेची भाषा कारखान्याच्या भाषेत उतरवायला हवी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्या तरुणांना चार वर्षांनी हीच अडचण येते, कारण त्यांपैकी फार तर एक चतुर्थांश जण सैन्यात कायम होतात. आयटीआय करून दहा वर्षे एकाच वर्कशॉपमध्ये राहिलेला, हुद्दा न बदलता काम मात्र वाढत गेलेला कारागीर, किंवा शाळा सोडून प्रशिक्षण संस्थेत जाऊ पाहणारी शिक्षिका यांचीही गत तीच. यांना काहीच लपवायचे नसते. त्यांचा कालक्रम खरा असतो, पण मुका असतो.

काही व्यवसायांनी मात्र प्रश्न आधीच ठरवून टाकला आहे, आणि तिथे अर्जदाराने स्वतःची कल्पकता दाखवणे म्हणजे वेळ घालवणे. कोकणातून आणि गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर जातात. खलाशाचा किंवा जहाजावरील अभियंत्याचा रेझ्युमे हा मुळात एक तक्ता असतो: जहाजाचे नाव, प्रकार, टनेज, इंजिन, हुद्दा, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. वर सीडीसी, पासपोर्ट आणि सक्षमता प्रमाणपत्रांचे क्रमांक आणि मुदती. ऑफिसच्या नोकरीत जो खंड डाग ठरतो तो इथे नियम आहे. एक करार संपला की माणूस काही महिने घरी असतो, आणि प्रत्येक दोन ओळींमधली ती मोकळी जागा वाचणाऱ्याला खटकत नाही. टँकरवर किती महिने, बल्क कॅरिअरवर किती, एवढेच त्याला पाहायचे असते. तेच महिने ‘सागरी क्षेत्रातील समृद्ध अनुभव’ अशा शीर्षकाखाली गोळा केले तर तो कागद बाजूला पडेल. महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या अर्जात शोधनिबंध, पुस्तके, मार्गदर्शन यांचे गुण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यांप्रमाणे मोजले जातात. तिथे दोन पानांचा सुबक रेझ्युमे निरुपयोगी, वीस पानांची कंटाळवाणी यादी योग्य. आणि लोकसेवा आयोग, बँका, जिल्हा परिषदा यांच्या भरतीत तर विहित नमुनाच असतो. रकाना दिला आहे तो भरावा, नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसे लिहावे, आणि फोटो-सही सांगितलेल्या आकारात चढवावी. निवड करण्यासारखे तिथे काही नसते, हे कळणे हीसुद्धा एक निवडच आहे.

देश बदलला की प्रश्न बदलतो, हे परदेशी जाणाऱ्यांना उशिरा कळते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला, आणि इलेक्ट्रिशियनपासून परिचारिकांपर्यंत अनेकांनी जर्मन शिकायला घेतले. जर्मन ‘लेबेन्सलाउफ’ तक्त्याच्या रूपात असतो, महिना-वर्षांसह, मध्ये भोके न ठेवता. त्यावर फोटो लावण्याची जुनी रीत आहे. २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर तो मागणे योग्य मानले जात नाही, तरी पुष्कळ जण अजून लावतात. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे फोटो, वय, वैवाहिक स्थिती लिहिलेला कागद पाहून भरती-अधिकारी अवघडून जातो, कारण भेदभावाचा आरोप आला तर ती माहिती आपल्या हाती होती असे म्हटले जाईल. जपानात रिरेकिशो हा छापील साच्याचा अर्ज शतकभराच्या सवयीने चालत आला. २०२१ मध्ये तिथल्या श्रम मंत्रालयाने दिलेल्या नव्या नमुन्यात लिंग लिहिणे ऐच्छिक केले गेले. म्हणजे साचा कितीही जुना असला तरी कोणता प्रश्न विचारणे रास्त आहे याविषयीचे समाजाचे मत बदलले की साच्यालाही बदलावे लागते.

आपल्याकडे ही गोष्ट जातीपाशी येऊन थांबते आणि तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. नावे तेवढी वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता कमी होती, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील दुसऱ्या एका अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत काही प्रमाणात आढळला. म्हणजे चित्र सर्वत्र एकसारखे काळे नाही. पण आडनाव जर इतके बोलत असेल, तर वडिलांचा व्यवसाय, मूळ गाव, धर्म यांच्या ओळी स्वतःहून जोडून त्याला आणखी बोलायला लावण्याचे कारण काय? मांडणीने भेदभाव संपत नाही. तो दावा कोणी करू नये. नियुक्तीशी ज्याचा संबंध नाही अशा चौकशीला न विचारता उत्तर द्यायचे नाही, एवढे मात्र अर्जदाराच्या हातात असते. खासगी नोकरीच्या रेझ्युमेतून या ओळी काढून टाकाव्यात. तळाची प्रतिज्ञाही काढावी; सही केल्याने मजकूर अधिक खरा होत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी मात्र कागदपत्रांवरचे जुने नाव एका ओळीत जरूर द्यावे, नाहीतर गुणपत्रिका कोणाची आणि अर्ज कोणाचा हा घोळ पडताळणीत होतो.

दुसरा आक्षेप अगदी आजचा आहे. कागद माणूस वाचतच नाही, यंत्र वाचते. तेव्हा यंत्राला आवडेल ते करावे. यात तथ्य आहे आणि अतिशयोक्तीही. मोठ्या कंपन्या आणि नोकरी डॉट कॉमसारखी संकेतस्थळे रेझ्युमेतला मजकूर काढून वेगवेगळ्या रकान्यांत भरणारी प्रणाली वापरतात. दोन स्तंभांची रचना, चित्रात बसवलेला मजकूर, कौशल्यापुढे काढलेले पाच तारे यांत ती प्रणाली गोंधळू शकते, आणि पानाच्या माथ्यावरील पट्टीत लिहिलेला मोबाइल क्रमांक कधी कधी गाळूनही टाकते. मराठी रेझ्युमे लिहिणाऱ्या पत्रकाराला, अनुवादकाला, शिक्षकाला यात एक जादा संकट आहे: श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. युनिकोड हाच त्यावर उपाय, आणि तो अवघड नाही. पण ७५ टक्के रेझ्युमे यंत्रच केराच्या टोपलीत टाकते, असा जो आकडा सर्वत्र फिरतो, त्याच्यामागे दाखवण्याजोगा अभ्यास कोणी पुढे ठेवत नाही. तो मुख्यतः रेझ्युमे लिहून देण्याचा धंदा करणाऱ्यांच्या तोंडी असतो. यंत्र बहुधा रांग लावते, शोधून देते. शेवटी कागद माणसासमोरच येतो. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१२ मध्ये तीस भरती-अधिकाऱ्यांच्या नजरेचा माग काढला तेव्हा पहिल्या चाळणीला सरासरी सहा सेकंद लागत असल्याचे आढळले. नमुना लहान आणि पाहणी व्यावसायिक कंपनीची, त्यामुळे ते सेकंद वेदवाक्य मानू नयेत. नजर कुठे थांबली ते अधिक बोलके आहे: नाव, आताचे पद आणि कंपनी, आधीचे पद आणि कंपनी, तारखा, शिक्षण. यंत्राला सोयीची जी साधी, एकस्तंभी, ओळखीच्या शीर्षकांची मांडणी आहे, तीच या घाईच्या नजरेलाही सोयीची आहे. दोघांसाठी दोन कागद करायला नकोत.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वात वजनदार वाटतो. आपल्याकडे नोकऱ्या ओळखीने लागतात; कागद ही औपचारिकता. छोट्या शहरांत आणि छोट्या आस्थापनांत हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण ओळखीचा माणूस तरी काय करतो? तो व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ पुढे पाठवतो आणि दोन वाक्ये लिहितो. ती दोन वाक्ये त्याला कागदातूनच उचलावी लागतात, आणि कागदाच्या माथ्यावर जन्मतारीख व छंद असतील तर तो ‘मुलगा चांगला आहे, बघा जरा’ यापलीकडे काही लिहू शकत नाही. मुलगा चांगला आहे हे ऐकून साहेब पाहुणचार करील, पगार देणार नाही. ज्यांना ओळखच नाही त्यांच्यासाठी तर हा कागद एवढा एकच दूत असतो, आणि अशांची संख्या ओळख असणाऱ्यांहून नेहमीच मोठी राहणार.

या पुस्तकातील नमुने व्यवसायानुसार लावले आहेत, सौंदर्यानुसार नाहीत. ते पाहण्याआधी वाचकाने ज्या जागेसाठी अर्ज करायचा आहे तिची जाहिरात शेजारी ठेवावी, तिच्यात मागितलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारावी, आणि आपल्या जुन्या बायोडेटाच्या पहिल्या अर्ध्या पानात त्यांपैकी किती सापडतात ते मोजावे. निम्म्याहून कमी सापडल्या तर जुनी फाइल दुरुस्त करत बसू नये. कोरे पान घ्यावे.